‘अ गुणिले ब’: वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

‘अ गुणिले ब’ ही माझी 24 प्रकरणांची गोष्ट पूर्ण झाली तेव्हापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एकाच ठिकाणी, सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी गोष्ट अजून वाचली नाही त्यांनीही खुशाल वाचावं. ही दोन तरुणांची प्रेमकथा आहे, रहस्यकथा नाही. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं, गंमत आहे ती कसे येतात त्यात.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

नोव्हेंबर 2019, टोकियोतलं इकेबुकुरो. दोन तरुण, एकाच ॲनिमेचे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचे, कट्टर चाहते. एक, मुगीचा, कंपनीच्या हिशेब खात्यात काम करतो, रुमालालासुद्धा इस्त्री करतो आणि मोजकंच बोलतो. दुसरा, ओमोची, कोएन्जी भागातल्या एका सलूनमध्ये केस कापतो, स्वतःच्या केसांचा रंग दर महिन्याला बदलतो, तिकिटं हरवतो, आणि हसला की समोरच्या फलाटावरची माणसं वळून बघतात. ज्या एका गोष्टीवर दोघांचं जमायला हवं, नेमकं तिथेच विळ्या-भोपळ्याचं सख्य निघतं. तिथून पुढे तीन वर्षं.

शीर्षकात गुणाकार कशाला?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि गोष्टीचा जीव त्यातच आहे.

जपानी चाहते एखाद्या मालिकेतली जोडी लिहितात तेव्हा दोन नावांच्या मध्ये गुणाकाराचं चिन्ह टाकतात. डावीकडे ‘सेमे’, म्हणजे पुढाकार घेणारा. उजवीकडे ‘उके’, म्हणजे तो झेलणारा. शाळेत आपण घोकलं की तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा. इथे ते चालत नाही. अ गुणिले ब आणि ब गुणिले अ या दोन वेगळ्या जोड्या आहेत, त्यांचे चाहते वेगळे, त्यांच्यावर लिहिलेली पुस्तकं वेगळी, चाहत्यांच्या मेळ्यात त्यांची टेबलंही वेगवेगळी. आपल्या आवडीच्या उलट जोडीला ‘ग्याकुकापु’ म्हणतात. काहींना ती बघवत नाही, मग ती त्यांच्यासाठी ‘जिराइ’ होते. जिराइ म्हणजे सुरुंग, चुकून पाय पडला की दिवस खराब.

बाहेरच्याला हे पोरकट वाटतं, मला अजिबात वाटत नाही. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हा वाद खरं तर माणूस कसा वाचायचा याचा वाद आहे. भांडणानंतर आधी कोण फोन करेल? गप्प बसणारा माणूस घाबरलेला आहे की वाट बघतोय? दोघांनी एकच प्रसंग पाहिला आणि दोघांना त्यात दोन वेगळी माणसं दिसली, तर त्याला जपानी चाहते ‘काइशाकु चिगाइ’ म्हणतात, म्हणजे अर्थ लावण्यातला फरक.

माझ्या गोष्टीतल्या ॲनिमेत दोन गायक आहेत. त्यांना मी त्यांच्या रंगांवरून निळा आणि केशरी म्हणतो. मुगीचा मानतो निळा गुणिले केशरी. ओमोची मानतो केशरी गुणिले निळा. तिसऱ्या प्रकरणात ते एका पावसाच्या दृश्यावरून दीड तास भांडतात. मुगीचाचं म्हणणं, छत्री ज्याने धरली पुढाकार त्याचा. ओमोचीचं म्हणणं, छत्री मुद्दाम घरी विसरून जो आला त्याचा.

मुगीचा आणि ओमोची ही काय नावं आहेत?

टोपणनावं. मुगीचा म्हणजे भाजलेल्या जवाचा चहा, जपानमध्ये उन्हाळ्यात घरोघरी फ्रिजमध्ये असतो. ओमोची म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला मऊ गोळा. जपानी चाहते एकमेकांना कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षं अशाच नावांनी ओळखतात. समोरचा कुठे नोकरी करतो, त्याचं आडनाव काय, हे विचारायची रीत नाही. पण त्याला कोणत्या भागात रडू आलं होतं हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणूनच 16व्या प्रकरणात खरी नावं सांगितली जातात तो प्रसंग मी चुंबनाच्या आधी नाही, नंतर ठेवला. त्या जगात नाव सांगणं ही जास्त मोठी गोष्ट आहे. ती नावं मी इथे लिहीत नाही, तेवढं तुम्ही गोष्टीतच वाचा.

ते कोणत्या ॲनिमेचे चाहते आहेत? कुठे बघायला मिळेल?

कुठेच नाही, मी रचलेली आहे. मात्र तिचा साचा खरा आहे. गाणारे-नाचणारे नायक असलेल्या संगीतमय मालिका जपानमध्ये पुष्कळ आहेत, प्रत्येक पात्राला स्वतःचा रंग असतो आणि कार्यक्रमात प्रेक्षक त्या रंगाचे पेनलाइट हलवतात. बटण दाबलं की रंग बदलतो. ज्याचा रंग तुम्ही सगळ्यात जास्त वेळ धरता तो तुमचा ‘ओशी’. हा शब्द ‘ढकलणं, पुढे करणं’ या क्रियापदावरून आला. ज्याला तुम्ही जीव तोडून पुढे करता, तो.

मी ॲनिमे बघत नाही. मला कळेल का?

कळेल. माझ्या आत्याने वाचली, तिने आयुष्यात एकही ॲनिमे पाहिलेली नाही. तिने 7व्या प्रकरणानंतर फोन करून विचारलं, “त्या चहावाल्याने अजून सांगितलं नाही का त्याला?”

इतक्या विरुद्ध स्वभावाची माणसं खरंच एकत्र राहू शकतात? की हा फक्त कथेतला योग?

यावर थोडं सावकाश बोलतो, कारण गोष्ट लिहिण्याचं कारणच ते आहे.

आधी एक तपशील, जो बऱ्याच वाचकांच्या नजरेतून निसटला. गप्प, शिस्तीच्या मुगीचाचा ओशी आहे केशरी, म्हणजे मालिकेतलं तडतडणारं, आगाऊ पोर. आणि बडबड्या ओमोचीचा ओशी आहे निळा, जो 12 भागांत जेमतेम 40 वाक्यं बोलतो. दोघांनीही एकमेकांना भेटायच्या कितीतरी आधी, पडद्यावर, स्वतःच्या उलट माणसाला निवडलेलं आहे. वर्षानुवर्षं त्याचे बिल्ले जमवलेत, त्याच्या वाढदिवसाला केक आणलेत. मग तशाच स्वभावाचा माणूस बाकावर शेजारी येऊन बसतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया काय होते? वैताग. पडद्यावर जो उशिरा आला की गोड वाटतो, तो स्टेशनच्या दारात 25 मिनिटं ताटकळत ठेवतो तेव्हा गोड वाटत नाही.

मला तो वैताग लिहायचा होता, आणि वैतागाखालचं कुतूहलही. चाहता असणं म्हणजे दुसऱ्याकडे फार बारकाईने बघायची सवय असणं. कोणत्या भागात त्याने डाव्या हाताने कप उचलला हे ज्याच्या लक्षात राहतं, त्याला प्रत्यक्षातल्या माणसाचंही लक्षात राहतं. 9व्या प्रकरणात मुगीचाच्या ध्यानात येतं की ओमोची थकला की जास्त बोलतो, कमी नाही. ते कळल्यावर तो त्याच्या बडबडीला कंटाळत नाही, उठून त्याच्यासाठी पाणी आणतो. माझ्या मते जमणं म्हणजे एवढंच.

आणि दोघांचं प्रेम करायचं माप सारखं आहे, फक्त तऱ्हा उलट. मुगीचा प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती घेतो: एक वाचायला, एक जपून ठेवायला, एक दुसऱ्याला गळ घालायला. हे मी रचलेलं नाही, जपानी ओताकूंमध्ये, म्हणजे अशा कट्टर चाहत्यांमध्ये, या तीन प्रतींना वेगवेगळी नावंच आहेत. ओमोची एकच प्रत घेतो, लोकलमध्ये उभ्याने वाचतो, त्यावर सूपचा डाग पाडतो, आणि तो डाग कुठल्या पानावर आहे हे त्याला झोपेतही सांगता येतं.

बागेतल्या त्या बदलाबदलीच्या प्रसंगात नेमकं काय चाललंय? मला नीट समजलं नाही.

चूक माझी, दुसऱ्या प्रकरणात मी सगळं गृहीत धरलं. इथे सावकाश सांगतो.

पात्रांची चित्रं असलेले पत्र्याचे गोल बिल्ले बंद पाकिटात विकतात. आत कोण आहे ते वरून कळत नाही. पाकीट साधारण 400 ते 500 येनचं. तुम्हाला केशरी हवा असतो, सहा पाकिटं फोडली तर तीन निळे, दोन हिरवे आणि एक जांभळा निघतो. मग करायचं काय? बदलायचे.

इकेबुकुरोत ‘ॲनिमेट’ या दुकानाची मुख्य शाखा आहे आणि तिच्या शेजारी नाका-इकेबुकुरो नावाची छोटी बाग. ऑक्टोबर 2019 मध्ये ती नव्याने बांधून खुली झाली. सुट्टीच्या दिवशी तिथे बिल्ले बदलणाऱ्यांची गर्दी असते. कुणी ओरडत नाही, भाव पुकारत नाही. जो तो आपले बिल्ले प्लास्टिकच्या पाकिटांत लावून समोर मांडतो आणि शेजारी एक कागद ठेवतो. त्यावर दोन अक्षरं: एकाचा अर्थ ‘देतो’, दुसऱ्याचा ‘हवंय’. त्यांच्या पुढे पात्रांची नावं. तुम्ही कागद वाचता, मान तुकवता, जवळ जाता. आपला बिल्ला दोन्ही हातांनी पुढे करता. समोरचा तो उजेडात तिरका धरून ओरखडा आहे का बघतो, तुम्ही त्याचा बघता. पटलं तर पुन्हा मान तुकवून, आभार मानून वेगळे होता.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नोव्हेंबरातली दुपार होती, वारा बोचरा होता. एका माणसाने पातळ पांढरे हातमोजे घालून, छोट्या चष्म्याच्या फडक्याने बिल्ला पुसून समोरच्याच्या हातात दिला. समोरच्याने तो तिथल्या तिथे जॅकेटला टोचला. पहिल्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. इतकं जपलेलं, आणि टाचणीने कापडात खुपसलं! पण दुसरा एवढा खूश होता की पहिल्यालाही हसू फुटलं. त्या दोघांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, बहुधा काहीच नाही. मी त्या संध्याकाळी खोलीवर येऊन पहिलं पान लिहिलं.

इता-बॅग म्हणजे काय?

एका बाजूला पारदर्शक खिडकी असलेली पिशवी. त्या खिडकीत एकाच पात्राचे बिल्ले खच्चून, रांगेत लावतात. ‘इता’ म्हणजे दुखणारं, बघणाऱ्याचे डोळे दिपून दुखावेत इतकं. मुगीचाच्या कपाटात आत, फडक्यात गुंडाळलेली एक इता-बॅग आहे आणि ती त्याने कधीच घराबाहेर नेलेली नाही. 19वं प्रकरण त्या पिशवीचं आहे.

कॉमिकेतला खरंच एवढी गर्दी असते का?

मी उलट कमीच लिहिली आहे. कॉमिकेत म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांचा मेळा, त्या पुस्तकांना दोजिन्शी म्हणतात. पहिला मेळा 21 डिसेंबर 1975 ला टोकियोत भरला तेव्हा 32 गट होते आणि आले सुमारे 700 जण. माझ्या गोष्टीतला मेळा डिसेंबर 2019 चा, 97वा. चार दिवसांत 7 लाख 50 हजार. हा मेळा एरवी वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या शेवटी, आरिआकेच्या टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात भरतो.

आकड्यापेक्षा मला तिथलं वळण सांगायचंय. तिथे कुणी ‘ग्राहक’ नसतो. विकणारे, घेणारे, रांगा सांभाळणारे स्वयंसेवक, सगळ्यांना एकच शब्द: सहभागी. सुरुवात होताना सगळा हॉल टाळ्या वाजवतो, संपतानाही. आदल्या रात्रीपासून रांग लावायला बंदी आहे. पोशाख घालून घरून यायचं नाही, तिथल्या खोलीत बदलायचा. टेबलामागच्या माणसाला सुटे देणं जड जाऊ नये म्हणून लोक 100 आणि 500 येनची नाणी साठवून आणतात. मुगीचा ती नाणी गोळ्यांच्या नळकांड्यांत रचून आणतो. ओमोची 10 हजारांची एकच नोट घेऊन येतो. 12व्या प्रकरणातला सगळा गोंधळ त्या एका नोटेतून सुरू होतो.

बीएल तर मुलीच लिहितात आणि मुलीच वाचतात ना? मग हे दोन पुरुष तिथे कसे?

प्रश्न रास्त आहे. बीएल, म्हणजे ‘बॉइज लव्ह’, हा जपानी प्रकार मुख्यतः स्त्रियांनी, स्त्रियांसाठी घडवला. 1970च्या दशकात मुलींसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, लिहिणाऱ्या तरुण लेखिकांनी दोन मुलांमधल्या प्रेमाच्या कथा आणल्या. 1978 मध्ये ‘जुने’ (JUNE) नावाचं नियतकालिक सुरू झालं आणि अशा कथांना घर मिळालं. त्याच सुमारास हौशी मंडळींत ‘याओइ’ हा शब्द आला. तीन शब्दांची आद्याक्षरं: चढ नाही, शेवटचा धक्का नाही, अर्थ नाही. स्वतःच्याच लिखाणाची थट्टा म्हणून. ‘बॉइज लव्ह’ हे नाव 1990च्या दशकात रुळलं. वाचणाऱ्या बायका स्वतःला ‘फुजोशी’ म्हणवू लागल्या. मूळ शब्द साधा, ‘बायाबापड्या’ अशा अर्थाचा, पण एक अक्षर बदलून त्याच उच्चाराचा ‘कुजलेल्या मुली’ झाला. वाचणारे पुरुष ‘फुदान्शी’. ते कमी आहेत, पण आहेत, आणि त्यात सगळ्याच तऱ्हेचे पुरुष आहेत.

यावर आक्षेपही जुना आहे. 1992 मध्ये एका समलिंगी कार्यकर्त्याने स्त्रीवादी पत्रिकेत लिहिलं की या कथा आमच्यासारख्या माणसांना करमणुकीचं साहित्य बनवतात. तो वाद काही वर्षं चालला आणि त्यातून दोन्ही बाजूंना काही शिकायला मिळालं. मला त्या कार्यकर्त्याचा राग कळतो. आणि हेही खरं आहे की मी 19 वर्षांचा असताना दोन मुलांनी एकमेकांकडे बघून लाजायचं असतं, हे मला अशाच एका बाईने काढलेल्या चित्रात पहिल्यांदा दिसलं. मी दोन्ही गोष्टी मनात धरून लिहिलं. म्हणून ओमोची 14व्या प्रकरणात म्हणतो, “मी यातलं पात्र नाही, पण यातूनच मला बोलायला शब्द मिळाले.”

मग दोघांपैकी ‘नवरा’ कोण आणि ‘बायको’ कोण?

कुणीच नाही. दोघंही पुरुष आहेत. भांडी ओमोची घासतो, कारण मुगीचाच्या हातांना साबणाने चट्टे येतात.

सेमे आणि उके हे कथेतल्या जोड्यांचे शब्द आहेत, जिवंत माणसांच्या कपाळावर चिकटवायचे नाहीत. हे दोघं पडद्यावरच्या जोडीवरून दीड तास भांडू शकतात, पण स्वतःबद्दल तो प्रश्न त्यांना कधी पडतच नाही. हे मी जाणूनबुजून केलंय.

मराठीत ते सुरुवातीला एकमेकांना ‘तुम्ही’ का म्हणतात? समवयस्क आहेत की.

कारण जपानीत तसंच आहे. अनोळखी चाहते एकमेकांच्या टोपणनावाला ‘सान’ लावतात आणि आदराची क्रियापदं वापरतात. ‘मुगीचा-सान, आपण आज किती वाजता आलात?’ असं. त्यातून सैल बोलण्यावर यायला महिने जातात, आणि कधी यायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं जवळजवळ तसंच आहे, त्यामुळे ही गोष्ट मराठीत लिहिताना माझं अर्धं काम भाषेने केलं. 11व्या प्रकरणात ओमोची चुकून ‘तू’ म्हणतो, जीभ चावतो, आणि मुगीचा चार पानं काही बोलत नाही. मग म्हणतो, “तेच राहू द्या.” आणि लगेच सुधारून, “राहू दे.”

आणखी एक सांगतो. जपानीत प्रेम कबूल करायला ‘सुकी’ हा शब्द वापरतात, आणि तोच शब्द खाण्यालाही चालतो. आमच्या मराठीतही ‘मला पुरणपोळी आवडते’ आणि ‘मला तू आवडतोस’. क्रियापद एकच, आणि दोन्ही भाषांत व्याकरणाने कर्त्याची जागा आवडणाऱ्या वस्तूला मिळते, आवडून घेणाऱ्याला नाही. 13व्या प्रकरणात मुगीचा आवडत्या गोष्टींची यादी सांगत असतो: हिवाळ्यातलं गरम रश्श्याचं ओदेन, नव्या वहीचा वास, केशरीचं तिसऱ्या भागातलं गाणं, तू. हे वाक्य मला कुठेही वाकवावं लागलं नाही.

महामारीचा भाग का आणला? गोष्ट हलकीफुलकी आहे ना?

कारण ते खरोखर घडलं आणि माझी माणसं त्याच शहरात होती. मे 2020 चा 98वा कॉमिकेत रद्द झाला, मेळ्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. दोघं भेटून जेमतेम सहा महिने झाले होते, एकत्र राहत नव्हते. म्हणून 17वं आणि 18वं प्रकरण पत्रांचं आहे. मुगीचा पाकिटात बिल्ला पाठवतो, त्याभोवती पुठ्ठ्याचे दोन थर, बुडबुड्यांचं प्लास्टिक, वर ‘दुमडू नये’ अशी सूचना. ओमोची उत्तरादाखल सलूनमधल्या पावतीच्या मागे चित्र काढून पाठवतो. मुगीचा ती पावतीसुद्धा तारखेनुसार फाइलला लावतो. मला हे लिहिताना खूप सुख झालं. डिसेंबर 2021 मध्ये मेळा पुन्हा भरला, प्रवेश मोजका ठेवून, दोन दिवसांत 1 लाख 10 हजार. 23वं प्रकरण त्या टाळ्यांचं आहे.

शेवटी त्यांचं लग्न होतं का?

जपानमध्ये समलिंगी लग्नाला कायदा नाही. 2021 मध्ये सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने लग्न नाकारणं घटनाबाह्य ठरवलं, 2022 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने उलट निकाल दिला, 2024 मध्ये सप्पोरो आणि टोकियोच्या उच्च न्यायालयांनी पुन्हा घटनाबाह्य म्हटलं. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने आपलं प्रेम गुन्ह्याच्या यादीतून काढलं, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाच्या हक्काला मात्र नकार दिला. दोन्ही तारखांना मी कुठे उभा होतो ते मला आठवतं.

जपानात स्थानिक पातळीवर जोडीदार म्हणून नोंद होते. शिबुया आणि सेतागाया या टोकियोतल्या वॉर्डांनी 5 नोव्हेंबर 2015 ला सुरुवात केली, टोकियो महानगराची व्यवस्था 1 नोव्हेंबर 2022 पासून आली. तिला लग्नाचे हक्क नाहीत. तरी 24व्या प्रकरणात दोघं ऑनलाइन अर्ज भरतात. मुगीचाचा दहा मिनिटांत होतो. ओमोचीला रहिवासाचा दाखला सापडत नाही, तो सापडतो शेवटी त्या सूपच्या डागवाल्या पुस्तकात, खूण म्हणून ठेवलेला.

सगळं इतकं गोड का? खऱ्या आयुष्यात एवढं सोपं असतं का?

नसतं, आणि गोष्टीतही सगळं सोपं नाही. मुगीचाच्या आईचं प्रकरण पुन्हा वाचा. पण मी वयात येताना आमच्यासारख्यांबद्दल जे काही हाती लागलं, त्यात कुणीतरी मरायचं, पळून जायचं किंवा मुकाट लग्न करायचं. दुःख लिहिणारे पुष्कळ होते. दोन पुरुष छत्रीवरून भांडतायत आणि भांडण संपेपर्यंत पाऊस थांबलाय, असं पान मला कुणी दिलं नाही. ते मला वाचायचं होतं.

लहान मुलांच्या हाती दिली तर चालेल?

13-14 वर्षांच्या पुढे निश्चिंत द्या. चुंबनापलीकडे काही नाही.

पुण्यात का नाही घडवली? पुण्यातही जपानी शिकणारे आणि ॲनिमेवाले चिकार आहेत.

चिकार आहेत, मी त्यांच्यातलाच. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या बागेवरून घडवलेलं आहे. गोष्टीची बरीचशी दुरुस्ती मी तिथल्याच बाकावर बसून केली. पण बंद पाकिटातले बिल्ले, दोन अक्षरांचा कागद, न बोलता मान तुकवून होणारी बदलाबदली हे सगळं इकेबुकुरोचं आहे. ते उचलून इथे आणलं असतं तर खोटं झालं असतं. पुण्याची गोष्ट वेगळी लिहीन, तिच्यात माणसं जास्त बोलतील.

तुम्ही स्वतः गे आहात का?

हो. 2018 ते 2020 कामानिमित्त टोकियोत होतो, आता पुण्यात असतो, जोडीदारासोबत. त्याला ॲनिमे आवडत नाहीत. पण माझ्या कपाटातला कुठला बिल्ला कुठे आहे हे मला विचारावं लागत नाही, तोच सांगतो.

शेवटपर्यंत कळलं नाही, जोडी कोणती बरोबर? निळा गुणिले केशरी की केशरी गुणिले निळा?

त्यांचंही ठरलेलं नाही. नव्या घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत, एक याचं, एक त्याचं, मध्ये खिडकी. 24व्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात मुगीचा पहाटे उठतो, ओमोचीच्या कपाटातून एक उलट जोडीचं पुस्तक काढतो, हात धुऊन पुसतो आणि उभ्यानेच वाचायला लागतो. 30 पानं वाचून ते जसं होतं तसं, किंचित तिरकं, परत ठेवतो. ओमोची जागाच असतो. तो काही बोलत नाही, आणि त्याच्यासाठी ते किती अवघड आहे हे एव्हाना तुम्हाला माहीत आहे.